दिवे चालू, भोंगा गप्प

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे स्पीकरची वायर लावलेलीच नसली, तरी पुढून बघणाऱ्याला काही पत्ता लागत नाही. पॉवरचा दिवा लागलेला असतो, माइकवर बोललं की हिरवे दिवे वर-खाली नाचतात, बटण फिरवलं की पिवळ्या-लालपर्यंत चढतात. आतलं सगळं काम चोख चालू असतं, फक्त आवाज कुठे जात नसतो. पूजेच्या मांडवात असं झालं तर पाच मिनिटांत कोणीतरी ओरडतं, "अहो, मागचा भोंगा बंद आहे!" आणि साउंडवाल्याचा पोऱ्या शिडी घेऊन पळतो. पण एखाद्या इमारतीतले स्पीकर आग लागली तरच बोलायचे, एरवी वर्षानुवर्षं गप्प बसायचे, असे असतात. त्यांच्यातल्या एकाची वायर गेल्या दिवाळीत छताचं काम करणाऱ्याने छाटली असेल, तर ते कळणार कधी आणि कोणाला?

अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःला हे कळायला हवं, असं आपल्याला वाटतं. इतकी ताकद पुरवतो, ती कोणी घेतंय की नाही एवढंही समजू नये? गंमत अशी की तो जितका चांगला बनवलेला, तितकं त्याला हे कमी कळतं.

याचं कारण ओहमच्या नियमातच आहे. आजकालचा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे ठरलेला व्होल्टेज काही झालं तरी ढळू न देणारं यंत्र. त्याला २० व्होल्ट काढायला सांगितले की तो २० व्होल्ट काढतो. समोर ८ ओहमचा स्पीकर असो, ४ ओहमचा असो किंवा काहीही नसो. ८ ओहमचा स्पीकर लावला तर अडीच अँपिअर करंट वाहतो आणि ५० वॅट स्पीकरमध्ये जातात. वायर काढली तर करंट शून्य, वॅटही शून्य, पण व्होल्टेज तेवढाच. इमारतीच्या गच्चीवरची टाकी भरलेली असली की बंद नळाच्या तोंडाशीही पाण्याचा दाब असतोच. पाणी वाहतंय का, हे दाबावरून कळत नाही. पुढच्या पॅनेलवरचे नाचणारे दिवे हा दाबच मोजत असतात. बरेचदा तर तेवढाही नाही, आत येणारा माइकचा सिग्नल मोजत असतात. म्हणून दिवे नाचतायत याचा अर्थ लोकांना ऐकू येतंय असा घेऊ नये. पोचलं की नाही, ते करंटला विचारावं लागतं.

जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेने सुटायचा, आणि महागात पडायचा. त्यात व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. स्पीकर काढून आवाज वाढवला की ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला जायला वाट राहत नाही आणि व्हॉल्व्हच्या बाजूला चारेकशे व्होल्टच्या जागी हजाराच्या वर व्होल्टेज उसळतो. व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते, ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन फाटतं. म्हणून जुने मेकॅनिक नव्या पोराला पहिली ताकीद द्यायचे ती हीच, की स्पीकर लावल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. गिटारच्या कित्येक व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तर स्पीकरचा जॅक असा असतो की पिन काढली की तो आउटपुट आपोआप शॉर्ट करतो. ट्रान्झिस्टरवाल्यांना हे ऐकून घाम फुटेल, कारण त्यांच्या मशीनला शॉर्ट म्हणजे मरण आणि मोकळं टोक म्हणजे आराम. व्हॉल्व्हचं उलट. आउटपुट झपाट्याने चालू-बंद करत चालणाऱ्या डी वर्गाच्या अ‍ॅम्प्लिफायरला मोकळं टोक झेपतं, पण अगदी आरामही नसतो. त्याच्या आउटपुटला गाळणी म्हणून एक कॉइल आणि एक कपॅसिटर असतो, आणि त्यांची उसळी दाबून धरायचं काम एरवी स्पीकर करतो. १० मायक्रोहेन्री आणि ०.६८ मायक्रोफॅरॅड अशी जोडी धरली तर ती ६१ किलोहर्ट्झच्या आसपास घुमते. ऐकू येत नाही, पण स्पीकर नसताना तिथे व्होल्टेज नको तितका चढू शकतो. चांगल्या डिझाइनमध्ये त्यासाठी रेझिस्टर-कपॅसिटरची आणखी एक जोडी बसवलेली असते.

आता स्पीकर तुटतो कुठे, तेही बघायला हवं, कारण शोधायची पद्धत त्यावर ठरते. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोघांनी १९२५ मध्ये चुंबकात हलणाऱ्या कॉइलच्या स्पीकरचा जो लेख प्रसिद्ध केला, त्यातली मूळ रचना आजही तीच आहे. पातळ तांब्याच्या तारेची कॉइल, तिला चिकटलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू, आणि बाहेरच्या टर्मिनलपासून कॉइलपर्यंत जाणारी विणलेली लवचीक तार. ही तार शंकूबरोबर सेकंदाला शेकडो वेळा वाकते. वर्षानुवर्षं वाकून ती एका जागी, बहुतेक वेळा सोल्डरच्या काठाशी, तुटते. भोंग्याच्या युनिटमध्ये डायफ्रॅमवरची कॉइल जळते. कोणी आवाज पार टोकाला नेऊन ठेवला की अ‍ॅम्प्लिफायर लाटेचं टोक कापायला लागतो आणि कॉइल तापून खलास होते. पण माझ्या मते कॉइल जळण्याचा बोभाटा जितका होतो, तितकी ती दोषी नसते. बहुतेक गप्प स्पीकर वायरीनेच गप्प केलेले असतात. दोन टोकं पिळून वर टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसाळ्यात हिरवा पडतो. टर्मिनलचा स्क्रू तारेऐवजी तारेच्या प्लॅस्टिकवर आवळलेला असतो. उंदरांबद्दल न बोललेलं बरं. व्यावसायिक साउंडवाल्यांनी पिळून लावायच्या टोकांचा नाद सोडला, त्यात १९८० च्या दशकात आलेल्या फिरवून कुलूप बसणाऱ्या स्पीकॉन कनेक्टरचा मोठा वाटा आहे.

एक जागा मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, ती अ‍ॅम्प्लिफायरच्याच पोटात असते. चालू करताना 'धप्प' आवाज येऊ नये आणि आत बिघाड झालाच तर स्पीकर वाचावा, म्हणून बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आउटपुटला रिले असतो. चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी जो 'टक' ऐकू येतो, तो त्याचा. या रिलेच्या कॉन्टॅक्टवर काळपट थर बसला की एक मजेदार दुखणं सुरू होतं. हळू आवाजात एक बाजू बंद पडते, आवाज वाढवला की खरखर करत परत येते. थोड्या करंटला तो थर ओलांडता येत नाही, जास्त करंट तो फोडून जातो. दुकानात नेलं की मेकॅनिक आधी मोठ्याने वाजवून बघतो, सगळं ठीक चालतं, आणि माणूस खजील होऊन घरी येतो. असा स्पीकर एका क्षणी तुटलेला असतो आणि दुसऱ्या क्षणी नसतो, हे पुढे यंत्राने शोधायचं म्हटलं की फार त्रास देतं.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्पीकर दुरुस्त करणारा माणूस मल्टिमीटर काढायच्या आधी दीड व्होल्टचा पेन्सिल सेल हातात घेतो. सेलची टोकं स्पीकरच्या टर्मिनलना क्षणभर टेकवायची. 'खट्' असा आवाज आला आणि शंकू किंचित पुढे सरकला, तर कॉइल शाबूत. मागे सरकला तरी शाबूतच, फक्त प्लस-मायनस उलटे लागले. मांडवात दोन स्पीकरपैकी एक उलटा जोडलेला असेल तर बास नाहीसा होतो, तो दोषही याच सेलने सापडतो. एक 'खट्' दोन प्रश्नांची उत्तरं देतो, हे मल्टिमीटरला जमत नाही.

मल्टिमीटरचा दुसरा तोटा म्हणजे तो नवख्याला घाबरवतो. ८ ओहमचा स्पीकर त्यावर सहा-साडेसहा ओहम दाखवतो. स्पीकर बिघडला असं नाही. ८ हा आकडा ऑडिओच्या बदलत्या करंटसाठीचा आहे आणि मीटर सरळ करंटने मोजतो. शिवाय तो ८ सुद्धा सगळीकडे ८ नसतो. शंकूच्या स्वतःच्या नैसर्गिक कंपनसंख्येशी, म्हणजे बासच्या भागात, तोच स्पीकर ३०-४० ओहम किंवा त्याहूनही जास्त अडथळा दाखवतो. म्हणजे वाजणाऱ्या संगीतावर करंट मोजून 'स्पीकर अर्धवट तुटलाय' असा निष्कर्ष काढणारं यंत्र ढोल वाजला की फसणार.

आता खुद्द सर्किटने हे कसं ओळखायचं, ते बघू. सर्वांत साधी युक्ती जुन्या धाटणीच्या छोट्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जवळजवळ फुकट मिळते. १२ व्होल्टच्या एकाच सप्लायवर चालणाऱ्या अशा सर्किटचं आउटपुट शांत असताना मधोमध, ६ व्होल्टवर बसलेलं असतं. हे ६ व्होल्ट स्पीकरवर जाऊ नयेत म्हणून मध्ये मोठा कपॅसिटर असतो. स्पीकर लावलेला असेल तर कपॅसिटरच्या पलीकडच्या टोकाला मीटर शून्य व्होल्ट दाखवतो, कारण सहा-सात ओहमची कॉइल त्या टोकाला जमिनीशी घट्ट बांधून ठेवते. वायर काढा आणि मशीन परत चालू करा. आता त्या टोकाला धरून ठेवणारं कोणी नाही; कपॅसिटरची एक बाजू ६ व्होल्टवर उडी मारते तशी दुसरीही तिच्यामागे जाते. मीटर काही व्होल्ट दाखवत राहतो. (याच वेळी स्पीकर परत टेकवला तर जो दणका ऐकू येतो, तो या साठलेल्या व्होल्टेजचाच.)

म्हणजे स्पीकर आहे की नाही, हे त्या एका टोकावरच्या डीसी व्होल्टेजवरून कळतं. हे पक्कं करायला सप्लायपासून त्या टोकापर्यंत एक लाख ओहमचा रेझिस्टर लावायचा. स्पीकर असेल तर त्यातून ०.१२ मिलिअँपिअर करंट जाईल आणि कॉइलवर एक हजारांश व्होल्टपेक्षाही कमी पडेल. कानाला शून्य, शंकूलाही शून्य. वायर तुटली की ते टोक हळूहळू थेट १२ व्होल्टकडे चढत जातं. एक कम्पॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारा आठ-दहा रुपयांचा आयसी, आणि एक लाल दिवा एवढ्यात तुटलेला स्पीकर पकडता येतो. संगीताचे चढउतार गोंधळ घालू नयेत म्हणून मध्ये एक सावकाश प्रतिसाद देणारी गाळणी लावायची, बस.

पण कपॅसिटर नसलेल्या आजच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ही युक्ती चालत नाही. तिथे ते टोक खुद्द अ‍ॅम्प्लिफायरच घट्ट धरून बसलेला असतो. स्पीकर असो नसो, रेझिस्टर कितीही ओढो, व्होल्टेज हलत नाही. उपाय दोन. एक, करंटच मोजायचा. स्पीकरच्या वाटेत ०.१ ओहमसारखा इवलासा रेझिस्टर घालायचा, त्यावरचा व्होल्टेज वाचायचा आणि 'आउटपुटला आवाज आहे पण करंट नाही' असं दिसलं की दोष जाहीर करायचा. ही पद्धत वाजत असताना काम करते, शांत असताना करत नाही; आवाजही नाही, करंटही नाही, मग तुलना कशाची करणार? दुसरा उपाय म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर जागा व्हायच्या आधीच विचारणं. आउटपुटचे ट्रान्झिस्टर बंद ठेवायचे, म्हणजे टोक मोकळं राहतं. मग बाहेरून हळूच थोडा करंट घालून बघायचा.

मोटारींमध्ये हेच करतात. गाडीच्या स्टिरिओतल्या चार चॅनेलच्या अ‍ॅम्प्लिफायर आयसींमध्ये ही तपासणी आतच बांधलेली असते आणि तिचा निकाल दोन तारांच्या आय-टू-सी बसवरून गाडीच्या संगणकाला कळवला जातो. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सचा टीएएस६४२४ घ्या. तो प्रत्येक चॅनेलसाठी चार प्रश्न विचारतो: वायर जमिनीला म्हणजे गाडीच्या पत्र्याला टेकलीय का, बॅटरीच्या प्लसला टेकलीय का, स्पीकर शॉर्ट आहे का, आणि स्पीकर आहे तरी का. करंट एकदम घातला तर गाडी चालू करताना दर वेळी 'टप्' आवाज होईल, म्हणून तो सावकाश चढवतात आणि सावकाश उतरवतात. हे सावकाशपण हाच त्या सर्किटमधला सगळ्यात कष्टाचा भाग असावा, असं मला वाटतं. स्पीकर ओळखणं सोपं, त्याला न उठवता ओळखणं अवघड.

आणि तरीही एक स्पीकर या चाचणीतून निसटतो. दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यातला छोटा ट्विटर बास आत येऊ नये म्हणून कपॅसिटरमधून जोडलेला असतो. कपॅसिटर सरळ करंट अडवतो. म्हणजे ट्विटर असला काय, नसला काय, डीसी चाचणीला तो दिसतच नाही. त्याच्याशी समांतर जोडलेला मोठा स्पीकर सगळं ठीक असल्याची साक्ष देतो. म्हणून दुसरी चाचणी बदलत्या करंटची: २० किलोहर्ट्झच्या आसपासचा, बहुतेकांना ऐकू न येणारा सूर सोडायचा आणि किती करंट गेला ते मोजायचं. एवढ्या वरच्या सुरात मोठ्या स्पीकरची कॉइल अडथळा वाढवते आणि ट्विटर मात्र करंट ओढतो, त्यामुळे त्याची हजेरी वेगळी कळते. गाडी कारखान्यात जुळवताना कोणीतरी ट्विटरचा प्लग लावायला विसरलं तर ते इथे पकडलं जातं. हा नुसता गाण्यांचा शौक नव्हे. सीटबेल्टची पिंग-पिंग, रिव्हर्सचा इशारा, सगळं आता स्पीकरमधूनच येतं. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून गाड्यांच्या नव्या मॉडेलना अपघातानंतर आपोआप मदत बोलावणारी ई-कॉल यंत्रणा बंधनकारक झाली. त्या कॉलवर पलीकडचा माणूस बोलतो, ते जखमीला ऐकू यायला स्पीकर जिवंत असावा लागतो.

इथपर्यंत एका अ‍ॅम्प्लिफायरला एक किंवा दोन स्पीकर होते. खरी कसोटी लागते ती रेल्वे स्थानकात, मॉलमध्ये, रुग्णालयात, जिथे एका वायरीवर वीस-तीस स्पीकर लटकलेले असतात. तिथे १०० व्होल्ट लाइन वापरतात. अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजाला १०० व्होल्ट काढतो, आणि प्रत्येक स्पीकरच्या पाठीला असलेला छोटा ट्रान्सफॉर्मर ते कमी करून कॉइलला देतो. फायदा असा की जास्त व्होल्टेजमुळे करंट कमी लागतो, लांब वायरीत ताकद वाया जात नाही आणि स्पीकर घरातल्या बल्बसारखे एकाला एक समांतर जोडत जाता येतात.

ही सोय बिघाड शोधणाऱ्याला मात्र गैरसोयीची. ६ वॅटवर लावलेला एक स्पीकर लाइनला सुमारे १६६७ ओहमचा दिसतो. असे वीस लावले की सगळे मिळून ८३ ओहम. त्यातला एक गळाला की १९ उरतात, आणि लाइन ८८ ओहमच्या जवळ जाते. फरक पाच टक्के. आता तांब्याचा अडथळा दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. नागपूरच्या एखाद्या उघड्या फलाटावर पहाटे २० अंश आणि दुपारी ४५ अंश असतील, तर कॉइल काही न करताच दहा टक्के सरकते. जोरात वाजवल्यावर तर ती स्वतःच्या उष्णतेने कितीतरी जास्त तापते. म्हणजे एक स्पीकर तुटल्याची खूण उन्हाच्या खुणेच्या निम्मी! मर्यादा दहा टक्क्यांच्या आत ठेवली तर रोज दुपारी खोटा इशारा. पंधरा टक्क्यांवर नेली तर दोन-तीन स्पीकर गळेपर्यंत शांतता. आणि रोज खोटं ओरडणाऱ्या यंत्राचं काय होतं, ते कुठल्याही चौकीदाराला विचारा. तो बझरच्या भोकावर टेप लावतो.

मल्टिमीटरने बघावं तर इथे आणखी फसगत. १०० व्होल्टच्या स्पीकरवर मीटर लावला की हजाराच्या वर आकडा यायला हवा, असं वाटतं. येतात काही दहा ओहम. कारण मीटरला फक्त ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याची तार दिसते. चांगला स्पीकर बघून 'शॉर्ट आहे' म्हणत बदलून टाकणारे महाभाग आहेत. आतल्या कॉइलचं काय झालं, हेही मीटर सांगत नाही. कॉइल जळून तुटली तरी ट्रान्सफॉर्मरचं वेटोळं तसंच दिसत राहतं. इथे बदलत्या करंटने मोजणारा इंपीडन्स मीटरच लागतो.

या गुंत्यातून सुटायला इंजिनियरांनी प्रश्नच बदलला. प्रत्येक स्पीकर आहे का, हे विचारण्याऐवजी वायर शेवटपर्यंत अखंड आहे का, हे विचारायचं. ही कल्पना रेल्वेला जुनी आहे. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने १८७२ मध्ये बंद ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. त्यात रूळ मोकळे असताना करंट सतत वाहत असतो, आणि तो थांबला तर गाडी आली किंवा रूळ तुटला, दोन्हीत सिग्नल लालच होतो. बिघाड झाला की गप्प बसायचं नाही, ओरडायचं, हे तत्त्व तिथलं. आगीच्या घंटांच्या वायरीलाही शेवटच्या टोकाला रेझिस्टर लावून तेच करतात.

स्पीकरच्या लाइनला नुसता रेझिस्टर आणि डीसी लावून भागत नाही, कारण डीसीला प्रत्येक ट्रान्सफॉर्मर जवळजवळ शॉर्टच. अमेरिकेत आगीच्या यंत्रणेतल्या स्पीकरमध्ये म्हणूनच डीसी अडवणारा कपॅसिटर आधीच बसवलेला असतो; मग डीसीला फक्त शेवटचा रेझिस्टरच दिसतो. युरोपात जास्त करून ऐकू न येणारा पायलट सूर वापरतात, २० किलोहर्ट्झच्या आसपासचा, आणि लाइनच्या टोकाला एक छोटं मॉड्यूल. ते मॉड्यूल तो सूर ओळखतं आणि 'पोचला' असं उलट कळवतं. कुठल्याही दोन स्पीकरांच्या मधे वायर तुटली की हे कळवणं थांबतं. मधेच कोणी लांब फांदी काढून चार स्पीकर जोडले असतील, तर ती फांदी मात्र या नजरेतून सुटते. म्हणून जाणकार वायरमन अशा लाइनला फांद्या काढू देत नाही. वायर प्रत्येक स्पीकरच्या पोटात जाऊन बाहेर येते.

पायलट सुरालाही वायरीचा जाच आहेच. दोन तारांच्या वायरीत मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरॅड कपॅसिटन्स धरला तर अर्ध्या किलोमीटरच्या लाइनला ५० नॅनोफॅरॅड होतात, आणि २० किलोहर्ट्झला तो कपॅसिटन्स जेमतेम १६० ओहमचा वाटतो. वीस स्पीकर मिळून ८३ ओहम, हे आठवलं की कळतं की नुसती वायरच दहा स्पीकरांइतका पायलट खाते. त्यामुळे यंत्रणा बसवल्यावर पहिल्या दिवशी प्रत्येक लाइनचा आकडा मोजून मशीनला पाठ करून देतात, आणि पुढे सगळी तुलना त्या आकड्याशी. नंतर कोणी दुकानात एक स्पीकर वाढवला आणि आकडा नव्याने पाठ केला नाही, की झालाच गोंधळ. कुत्र्यांना हा सूर ऐकू येऊ शकतो, कारण त्यांची श्रवणशक्ती २० किलोहर्ट्झच्या बरीच वर जाते. पण पातळी इतकी कमी असते की त्यांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

आगीत बोलणाऱ्या या यंत्रणांसाठीचं युरोपीय मानक ईएन ५४-१६ सांगतं की असा बिघाड १०० सेकंदांच्या आत दाखवला गेला पाहिजे. चोवीस तास, कोणी बोलत असो नसो. शिवाय महत्त्वाच्या जागी एकाच हॉलमधले स्पीकर एकाआड एक दोन वेगळ्या लाइनींवर टाकतात. एक लाइन मेली तरी दर दुसरा स्पीकर बोलतो. घोषणा थोडी हळू येते, पण येते. ही युक्ती मला सगळ्यात शहाणी वाटते, कारण ती बिघाड शोधण्यावरच विसंबून राहत नाही. दुर्दैवाने वायर दुप्पट लागते म्हणून बिलाच्या वेळी आधी तिच्यावरच कात्री चालते.

हे सगळं करूनही विजेची तपासणी फक्त विजेचंच उत्तर देते. कॉइल शाबूत, वायर अखंड, पायलट टोकाला पोचतोय, आणि तरी भोंग्यातून आवाज नाही, असं होऊ शकतं. कुंभारीण माशीने भोंग्याच्या नळीत मातीचं घर बांधलं, रंगाऱ्याने छतातल्या स्पीकरची जाळी ऑइल पेंटने बुजवली, डायफ्रॅम चुंबकाच्या फटीत अडकून बसला, तर सर्किटला त्यातलं काही कळत नाही. नेटवर्कवर चालणाऱ्या काही स्पीकरमध्ये आता यासाठी छोटा मायक्रोफोन बसवलेला असतो. स्पीकर स्वतःच सूर सोडतो आणि स्वतःच तो ऐकून बघतो. ते नसेल तिथे ठरलेल्या वेळी चाचणीची घोषणा लावायची, आणि एका माणसाने स्पीकरांची यादी हातात घेऊन प्रत्येकाखाली क्षणभर थांबून खूण करत जायचं. स्वच्छतागृहांतले आणि जिन्यातले स्पीकर यादीत आहेत ना, ते आधी बघायचं. राहून जातात ते तेच.